तिजोरीची तल्लफ

१९१७ च्या हिवाळ्यात रशियाच्या राजधानीत, पेत्रोग्रादमध्ये, क्रांती करून सत्तेवर आलेल्या बोल्शेविकांच्या नव्या सरकारपुढे एक अशी अडचण उभी राहिली, जिच्यावर मार्क्सच्या ग्रंथांत तोडगा नव्हता. विंटर पॅलेस हाती आला होता, हंगामी सरकारचे मंत्री कोठडीत गेले होते. पण राजवाड्याखालच्या तळघरात झारच्या घराण्याने साठवलेली उंची वाइन तशीच पडून होती. तिच्यावर पहारा कोणाचा ठेवायचा?

त्या मंत्र्यांना अटक करणारे बोल्शेविक नेते अंतोनोव-ओव्सेयेन्को यांनीच पुढे आपल्या आठवणींत ही फजिती सांगितली आहे. आधी प्रेओब्राझेन्स्की रेजिमेंट नेमली, कारण ती शिस्तीची म्हणून नावाजलेली. ती पिऊन आडवी झाली. मग पाव्लोव्स्की रेजिमेंट, क्रांतीची खंदी पाठीराखी. तीही आडवी झाली. मग वेगवेगळ्या तुकड्यांतून माणसे निवडून मिश्र पहारा बसवला, तर त्या पहाऱ्याचीही तीच गत. गर्दी पांगवायला चिलखती गाड्या आल्या. थोड्या वेळाने त्यांचीही चाल बिघडली. दारे बुजवली, तर लोक खिडक्यांचे गज तोडून आत. शेवटी तळघरात पाणी सोडायला अग्निशामक दलाला पाचारण केले. बंबवाल्यांनी आधी आपली तहान भागवली.

‘रोमानोव्हांचं उरलंसुरलं संपवून टाकू’ अशी आरोळी त्या गर्दीत चालायची. अखेर खलाशांच्या हातून साठा फोडून मोकळा केला गेला. वाइन गटारांतून नेवा नदीकडे वाहत गेली, बर्फ तिने भिजला, आणि माणसे गटाराच्या कडेला ओणवी होऊन ती चाटत होती.

हा प्रसंग सांगितला की ऐकणारे हसतात. मीही पहिल्यांदा हसलो होतो. वडिलांच्या कपाटात मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची पुस्तके होती, जाड कागद आणि स्वस्त किंमत. आमच्यासारख्या कितीतरी मराठी घरांत ती असत. त्यांत ‘अरोरा’ युद्धनौकेची तोफ होती, बोल्शेविकांच्या मुख्यालयातली, स्मोल्नीमधली, लेनिनची रात्र होती. तळघर मात्र माझ्या वाचनात कुठे आले नाही. बरेच उशिरा कळले, तेव्हा वाटले, क्रांतीची ही गमतीदार तळटीप आहे. आता तसे वाटत नाही. रशियात १८९४ पासून १९३० पर्यंत सरकारने दारूचे जे जे केले, त्याची सगळी गोळाबेरीज त्या तळघराच्या दाराशी दिसते. झारने दारू विकली, झारने ती बंद केली, क्रांतीने ती बंदी चालवली आणि क्रांतीनेच परत दुकान उघडले. चारही वेळा कारण सांगितले गेले जनतेच्या भल्याचे. चारही वेळा निर्णय झाला तो दुसऱ्याच हिशेबावर. म्हणून सरकार दारू विकते की अडवते, या प्रश्नाशी मी फार थांबत नाही. त्या पैशावाचून त्याचे चालते का, हे आधी विचारावे असे माझे मत आहे.

मराठीत मोनॉपलीला आपण ‘मक्तेदारी’ म्हणतो. मक्ता म्हणजे सरकारला ठरावीक रक्कम भरून वसुलीचा हक्क घेणे, आणि आपल्याकडे ताडी-दारूचेही मक्ते दिले जात. रशियातही १८६३ पर्यंत हीच रीत होती. मक्तेदार व्होडका विकत, पाणी घालत, उधारीवर पाजत आणि सरकारला पैसा पोचवत. १८५८-५९ मध्ये शेतकऱ्यांनी गावोगाव शपथा घेऊन पिणेच सोडले. व्होडका महाग आणि भेसळीची झाली होती, म्हणून सरळ बहिष्कार. सरकारने या व्यसनमुक्तांचे कौतुक करावे की नाही? महसूल बुडायला लागला तशा शपथा बेकायदा ठरल्या, आणि १८५९ मध्ये गुत्ते फुटू लागल्यावर लष्कर धाडले गेले. १९०८ साली टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे केले, तेव्हा इंग्रज सरकारनेही त्या पोरांवर खटलेच भरले होते. प्रजा शुद्धीवर आली की मायबाप सरकारच्या पोटात गोळा येतो, हा अनुभव दोन्हीकडचा.

अर्थमंत्री सर्गेई विट्टे यांनी १८९४ च्या कायद्याने गुत्तेवाले, खासगी विक्रेते हे सगळे मधले लोक हटवून व्होडकाची विक्री सरकारच्याच हाती घेतली. पुढच्या वर्षी पूर्वेकडच्या चार प्रांतांत सुरुवात झाली आणि काही वर्षांत जवळपास सारा युरोपीय रशिया त्याखाली आला. हेतू काय सांगितला? लोकांनी कमी प्यावे, चांगली प्यावी, गुत्त्यातला गोंधळ थांबावा. सरकारी दुकानाला लोक ‘काझ्योन्का’ म्हणत, म्हणजे सरकारी. आत बसायला बाकडे नाही, खायला काही नाही, पेला नाही, बूच काढायचे साधनही नाही. जाळीच्या पलीकडून विक्रेता मोहोरबंद बाटली देणार आणि गिऱ्हाइकाने ती घरी न्यायची, अशी कल्पना.

घरी कोण नेतो? गिऱ्हाईक दाराबाहेर पडले की बाटलीच्या तोंडावरची लाख भिंतीवर घासून काढायचे, बुडावर तळहाताची एक सणसणीत थाप मारायचे, बूच उडाले की उभ्या उभ्या घशाखाली. रिकामी बाटली परत देऊन तिचे पैसे घ्यायचे. स्वस्त व्होडकाची लाख तांबडी असे, दुबार शुद्ध केलेलीची पांढरी. काझ्योन्काच्या आसपासच्या भिंती या लाखेच्या ओरखड्यांनी रंगलेल्या असत. सर्वांत लहान बाटली जेमतेम साठ मिलिलिटरची. तिला लोकांनी नाव दिले होते ‘मेर्झावचिक’, म्हणजे लबाड, हरामखोर पोर. गुत्त्यातले पिणे सरकारने रस्त्यावर आणून ठेवले, एवढाच काय तो सुधार.

खजिन्याचे मात्र सोने झाले. १९१३ मध्ये व्होडकाच्या मक्तेदारीतून सुमारे ९० कोटी रुबल जमा झाले. साम्राज्याच्या एकूण महसुलाचा हा चौथाहून अधिक हिस्सा. या ‘दारुड्या अंदाजपत्रका’वर टीका होऊ लागली. १९१४ च्या सुरुवातीला निकोलस दुसऱ्याने अर्थमंत्री कोकोव्त्सोव यांना घरी पाठवले आणि पीटर बार्क यांना आणताना लिहून कळवले की प्रजेच्या नाशावर खजिन्याची भरभराट उभी राहता कामा नये. वाक्य चांगले होते. त्या ९० कोटींच्या जागी काय येणार, ते त्यात नव्हते.

त्याच उन्हाळ्यात महायुद्ध आले. १९०४ च्या जपान युद्धाच्या वेळी सैन्यभरती दारूत बुडाल्याचा अनुभव ताजा असल्याने या खेपेला भरती सुरू होताच दुकाने बंद केली. सैबेरियातल्या बर्नाऊलसारख्या ठिकाणी राखीव सैनिकांनी गोदामे फोडली आणि त्या दंगलीत माणसे मेली. १९१७ ची ही रंगीत तालीमच म्हणायची. ऑगस्टअखेर ही तात्पुरती बंदी युद्ध संपेपर्यंत वाढवली गेली, आणि पाठोपाठ झारने तारेने जाहीर केले की सरकारी व्होडकाविक्री आपण कायमची बंद करण्याचे ठरवले आहे.

पहिले काही महिने खरोखर बरे गेले. बँकांतल्या लहान ठेवी वाढल्या. बायकांनी सुटकेचा श्वास टाकला असेल, यात मला शंका नाही. पण बंदीत एक भोक पहिल्या दिवसापासून ठेवले होते: पहिल्या दर्जाच्या उपाहारगृहांत मद्य मिळत होते. आणि ज्यांच्या घरी तळघरे होती, त्यांची तळघरे भरलेलीच होती. गरिबाने आधी मेथिलेटेड स्पिरिट, लाकडाचे पॉलिश आणि कोलोन वॉटर शोधले. मग खेड्याने ‘समोगोन’ शोधला, आपली हातभट्टी. सरकार युद्धासाठी धान्य ठरावीक भावाने मागत होते. कारखाने तोफगोळे करण्यात गुंतल्याने शेतकऱ्याला धान्याच्या बदल्यात कापड, खिळे, नांगराचा फाळ मिळत नव्हता. त्याने धान्य भट्टीला लावले. यात त्याचे कुठे चुकले, ते मला कळत नाही.

इकडे खजिन्याचा एक पाय ऐन लढाईत कापला गेला. बार्क यांनी इतर कर वाढवले. आयकराचा कायदा व्हायला १९१६ उजाडले. उरलेली पोकळी नोटांच्या छापखान्याने भरली. दारूबंदीनेच झारशाही बुडवली, असे काही लोक लिहितात. ते मला पटत नाही. युद्धाचा खर्चच इतका अवाढव्य होता की व्होडकाचे पैसे त्यात कुठल्या कुठे गेले असते. पण जे राज्य महसुलाचा चौथा हिस्सा एका सहीने सोडते आणि त्याच्या जागी काही उभे करत नाही, त्याला आपल्या बाकीच्या निर्णयांचे भान किती असेल, याचा अंदाज यावरून येतो.

म्हणजे १९१७ च्या हिवाळ्यात तळघराच्या दाराशी उभा असलेला सैनिक तीन वर्षे कायदेशीर व्होडकाला मुकलेला होता, आणि त्या तीन वर्षांत वरचे लोक पीत होते हे त्याला ठाऊक होते. त्याने तळघर फोडले तेव्हा ते केवळ तल्लफेपोटी होते, असे समजायचे का? बंदी सगळ्यांना सारखी असती, तर त्याला ‘रोमानोव्हांचं उरलंसुरलं’ अशी आरोळी ठोकता आली नसती. मी लुटीचे समर्थन करत नाही. मॅक्झिम गॉर्की हा गरिबांचा लेखक, बोल्शेविकांचा जुना मित्र. तोही आपल्या ‘नोवाया झिझ्न’ या दैनिकात या लुटीविषयी संतापून लिहीत होता. फुटलेल्या बाटल्या, कापलेले हात, चिखलात लोळणारी माणसे. पण विषमतेने भोके पाडलेली बंदी शेवटी त्याच भोकांतून फुटते.

नव्या सरकारने काय केले? त्याने झारची बंदी जशीच्या तशी पुढे चालवली. फेब्रुवारीच्या क्रांतीत झारशाही कोसळल्यानंतर आलेल्या हंगामी सरकारनेही तेच केले होते. लुटीमागे प्रतिक्रांतीचा डाव आहे, भांडवलदार मुद्दाम दारू पाजून सैनिकांना बिघडवताहेत, असे सांगितले गेले. लेनिनचे सहकारी बाँच-ब्रुयेविच यांच्याकडे दंगली मोडण्याच्या समितीचे काम आले. शहरात लष्करी कायदा लागला. डिसेंबरच्या त्याच दिवसांत झेर्झिन्स्कीच्या हाताखाली चेका, म्हणजे नव्या सरकारची गुप्त पोलीस संघटना, जन्माला आली. चेका केवळ दारूमुळे निघाली, असे म्हणणे खोटे ठरेल. संप, तोडफोड, विरोधक अशी कारणे तिच्या पाठीशी होतीच. पण दारूच्या दंगलींशी झुंजताना या सरकारला बंदुकीची जी सवय लागली, ती पुढे सुटली नाही.

मे १९१८ मध्ये अन्नपुरवठ्याचा जो हुकूम निघाला, त्यात जादा धान्य न देणाऱ्यांच्या पंक्तीलाच धान्याची दारू गाळणाऱ्याला बसवले होते: तो ‘जनतेचा शत्रू’, आणि शिक्षा किमान दहा वर्षे तुरुंग. मला या हुकमात बोल्शेविकांचा खरा हिशेब दिसतो. त्यांना कोणाच्या यकृताची चिंता नव्हती. शहरे उपाशी होती, लाल सैन्याला भाकर हवी होती आणि धान्य भट्टीत जात होते. डिसेंबर १९१९ च्या हुकमाने बंदी आणखी आवळली; बेकायदा गाळण्याला किमान पाच वर्षे आणि मालमत्ता जप्त. हलक्या वाइनला मात्र तेव्हाही वाट मोकळी होती. वाइन द्राक्षांची, ती भाकरीतला वाटा खात नव्हती. धान्य हाच मुद्दा होता याला आणखी कसला पुरावा हवा?

याच्या उलट बाजूने पाहणारा म्हणेल, मग त्यात वावगे काय? दुष्काळाच्या तोंडावर धान्य वाचवणे हेच सरकारचे काम. खरे आहे. वावगे एवढेच की धान्याची चणचण हे तात्पुरते कारण आहे, आणि तात्पुरत्या कारणावर उभी राहिलेली बंदी ते कारण सरले की पडणार. आणि झाले तसेच. १९२१ साली नवे आर्थिक धोरण आले, धान्याची सक्तीची वसुली थांबली, आणि त्याच वर्षापासून बाटलीतला मद्यार्काचा अंश पायरीपायरीने चढू लागला. ऑगस्टमध्ये १४ टक्क्यांपर्यंतची वाइन. डिसेंबरात २० टक्के. १९२२ मध्ये बिअर. १९२४ च्या डिसेंबरात ३० टक्क्यांची कडक दारू. आणि ऑक्टोबर १९२५ पासून सरकारी दुकानात पुन्हा ४० टक्क्यांची व्होडका. तापमापीतला पारा चढावा तशी ही चढण आहे. त्या वेळी सरकारचे प्रमुख होते अलेक्सेई रिकोव. त्यांच्या नावाने लोकांनी या दारूला ‘रिकोव्का’ म्हटले. बाटल्यांनाही बारसे झाले: छोटी ती ‘पायोनियर’ (पक्षाची बालसंघटना), मधली ‘कोमसोमोल’ (युवक संघटना) आणि अर्ध्या लिटरची ‘पक्ष सदस्य’.

लेनिन जिवंत असताना या वाटेला जाऊ नका असे सांगत होता. १९२१ मध्ये त्याने म्हटले होते की भांडवली देश व्होडकासारख्या गोष्टी वापरतात, आपण वापरणार नाही, कारण त्या आपल्याला मागे भांडवलशाहीकडे नेतील. १९२३ च्या जुलैत ट्रॉट्स्कीने पक्षाच्या ‘प्राव्दा’ दैनिकात या प्रश्नावर जे लिहिले, ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत शहाणे लिखाण वाटते. कामगाराच्या आयुष्यावर दोन मोठ्या गोष्टींनी ठसा उमटवला आहे, असे तो म्हणतो: आठ तासांचा कामाचा दिवस आणि व्होडकाबंदी. बंदी युद्धाने आणली हे त्याने मान्य केले, पण क्रांतीने ती तत्त्व म्हणून स्वीकारली, असे त्याचे म्हणणे. मग त्याने पुढचा, अडचणीचा प्रश्न विचारला. आठ तास काम, आठ तास झोप, उरलेल्या आठ तासांत माणूस काय करणार? त्याचे उत्तर सिनेमा. सिनेमा गुत्त्याशी स्पर्धा करील, चर्चशीही करील, आणि त्याची तिकिटे खजिन्यात पैसाही आणतील.

सिनेमा हे उत्तर भाबडे होते, हे कबूल. भारतात तर आपण सिनेमा आणि दारू दोन्ही सुखाने एकत्र नांदताना पाहतो. पण त्याने प्रश्नाची जागा अचूक हेरली होती. १९१४ ते १९२५ अशी अकरा वर्षे रशियाच्या खजिन्यात व्होडकाचा पैसा जवळजवळ आलाच नाही. उपासमार झाली, यादवी झाली, पण राज्य चालले. जगातल्या फार थोड्या देशांना अशी संधी मिळाली असेल: तिजोरीची सवय मोडलेली आहे, दुकाने बंद आहेत, आणि नवी घडी अजून बसायची आहे. त्या काळात कामगार वस्तीत चहाची घरे, खेड्यात कापड आणि अवजारे, आणि खजिन्यात दुसऱ्या कुठल्या कराची ओळ, यांतले काहीही पुरेसे उभे राहिले नाही. उभे राहिले ते समोगोनवाल्यांवरचे छापे आणि जप्त केलेल्या भांड्यांचे ढीग. समोगोन काही थांबला नाही.

१९२५ च्या बाजूने एक तगडा युक्तिवाद आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. लोक पितच आहेत, विषारी पिताहेत, पैसा भट्टीवाल्याच्या खिशात जातो आहे. त्यापेक्षा शुद्ध व्होडका सरकारने विकावी, समोगोन आपोआप मरेल. हातभट्टीच्या विषाने माणसे मेल्याच्या बातम्या ज्याने वाचल्या आहेत, त्याला हे एकदम पटेल. मलाही अर्धे पटते. पण समोगोन मारणे एवढेच जर उद्दिष्ट होते, तर सरकारने विक्रीला मर्यादा घातली असती, वर्षागणिक ती खाली आणली असती. १९२७ च्या नोव्हेंबरात परदेशी कामगारांच्या शिष्टमंडळाने स्टालिनला व्होडकाविषयी छेडले, तेव्हा त्याने सरळ सांगितले: भांडवलदारांच्या कर्जाची गुलामी की व्होडका, यांतून आम्ही व्होडका निवडली; हिच्यातून ५० कोटींहून जास्त रुबल मिळतात, आणि पुढे कधीतरी ती बंद करू. त्याचा प्रामाणिकपणा मान्य. पण ‘पुढे कधीतरी’ हे तर प्रत्येक पिणारा सांगतो.

तीन वर्षांनी, १ सप्टेंबर १९३० ला, स्टालिनने आपला निकटचा सहकारी मोलोतोव याला पत्र लिहिले. सैन्य वाढवायला हवे, पैसा कुठून आणायचा? व्होडकाचे उत्पादन जास्तीत जास्त वाढवा, खोटी लाज सोडा. आता समोगोनचे नावही नाही. विट्टेच्या तोंडी लोककल्याणाची भाषा तरी होती.

आपल्याकडे १९३७ मध्ये हाच पेच पडला होता, आणि तो वर्ध्यात पडला. प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच आली होती. दारूबंदी करायची हे काँग्रेसचे वचन. पण शाळांचा खर्च अबकारीच्या उत्पन्नावर चालत होता. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती हिंदी मंत्र्यांकडे दिली होती, म्हणजे मुलांना शिकवायचे तर बापाला पाजा, अशी खोच. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये ही कोंडी उघड मांडली आणि शिक्षण हातकामातून स्वतःचा खर्च भागवील अशी कल्पना पुढे केली. ऑक्टोबरमध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली ती या पार्श्वभूमीवर. नई तालीम फार चालली नाही, तो भाग निराळा. बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात बंदी आणली, तेव्हा बुडणारा महसूल भरून काढायला शहरी मालमत्तेवर नवा कर बसवला. घरमालक खवळले, कोर्टात गेले. तरी एवढे म्हणायला हवे: त्या सरकारने बंदीची किंमत किती आणि ती कोण देणार, हे त्याच कागदावर लिहिले. झारने ते केले नव्हते, लेनिननेही नाही. पुढे स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या १९४९ च्या कायद्याने आरोग्याच्या नावाखालचे परवाने आणि हातभट्टी यांचे जे राज्य आणले, त्याबद्दल मात्र मी काही बरे बोलणार नाही.

२०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीत आमच्या भागातले मंदिर बंद होते, शाळा बंद होती, वाचनालयाला कुलूप होते. एका सकाळी कोपऱ्यावरच्या वाइन शॉपपुढे डांबरावर खडूची वर्तुळे उमटली. एका वर्तुळात एक माणूस. शेजारचे निवृत्त मास्तर गॅलरीतून म्हणाले, ‘‘शाळेत अशी रांग लावायला माझी हयात गेली.’’ रांगेतल्या लोकांकडे पाहून मला राग आला नाही. ही वर्तुळे काढायचे ठरले तेव्हा समोर अंदाजपत्रक ठेवले होते, एवढे कळत होते. आपल्या राज्यात या खात्याचे नावच ‘राज्य उत्पादन शुल्क’ आहे. निदान नावात तरी लपवाछपवी नाही.

रशियात त्या मधल्या काळात प्रामाणिक माणसे नव्हती असे नाही. १९२८ मध्ये युरी लारिन यांच्या पुढाकाराने दारूविरोधी संघटना निघाली. शाळकरी मुले फलक घेऊन कारखान्यांच्या फाटकांवर जात आणि पगाराच्या दिवशी बाहेर पडणाऱ्या बापांना घरी चला म्हणत. काही दुकाने त्यांच्यापायी बंदही झाली. पण संघटना सरकारी छत्राखालची, आणि त्याच सरकारला पंचवार्षिक योजनेसाठी व्होडकाचा रुबल हवा होता. ‘संयम आणि संस्कृती’ अशा अर्थाचे नाव असलेले त्यांचे मासिक होते. १९३० मध्ये त्याचे नाव बदलून ‘संस्कृती आणि दैनंदिन जीवन’ असे केले. स्टालिनने मोलोतोवला पत्र लिहिले तेच हे साल. पुढे दोनेक वर्षांत संघटनाही गुंडाळली गेली.

१९८५ च्या मेमध्ये गोर्बाचेव यांनी पुन्हा दारूविरोधी मोहीम काढली आणि पुढच्या वर्षी ‘संयम आणि संस्कृती’ या जुन्याच नावाने मासिक पुन्हा निघू लागले. क्रिमिया, मोल्दाव्हिया आणि जॉर्जियातले द्राक्षमळे तोडले गेले. व्होडकाच्या दुकानांपुढे रांगा लागल्या, अंदाजपत्रकात खड्डा पडला, आणि घरोघरी भट्ट्या पेटल्या. थोड्याच दिवसांत वाण्याच्या दुकानातून साखर नाहीशी झाली, आणि चहात घालायला म्हणून ती कूपनावर मोजून देण्याची वेळ आली.